'डिफायन्स'ला मराठीत काय म्हणावं? झुगारणे, धुडकावणे, न जुमानणे...

उंबरठा

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी शब्दापाशी चार दिवस अडकून बसले आहे, म्हणून हा धागा.

आठवी-नववीच्या मुलांच्या एका छोट्या मासिकासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी लढ्यावरची लेखमाला मराठीत आणते आहे. १९४८ ची निवडणूक झाली, मलान पंतप्रधान झाले, माणसांची वर्णावरून नोंद करणारा कायदा आला, कोणी कुठे राहायचं हे ठरवणारा कायदा आला. इथपर्यंत हात भराभर चालला. १९५२ आलं आणि थांबला. त्या वर्षी २६ जूनला आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि साउथ आफ्रिकन इंडियन काँग्रेस यांनी मिळून एक मोहीम उघडली. तिचं नाव 'डिफायन्स कॅम्पेन'.

लोकांनी केलं काय? फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या दारातून स्टेशनात शिरले. गोऱ्यांच्या बाकावर बसले. परवाना न घेता बंदी असलेल्या वस्तीत गेले. संचारबंदीत रात्री रस्त्यावर आले. पोलीस आले की पळाले नाहीत, गाडीत जाऊन बसले. दंड भरून सुटता येत असे, तरी बहुतेकांनी तुरुंगच पत्करला. वर्ष सरेपर्यंत ८,००० हून जास्त माणसं आत जाऊन आली होती. नेल्सन मंडेला या मोहिमेचे स्वयंसेवक-प्रमुख होते.

आता या 'डिफायन्स'चं मी काय करू? कोशांत अवज्ञा, अवमान, आव्हान, उद्दामपणा असे शब्द मिळतात. 'अवज्ञा मोहीम' असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. खटकलं. अवज्ञा म्हटलं की मला गुरूची अवज्ञा, आईवडिलांची अवज्ञा हेच आठवतं. म्हणजे करणारा चुकला हे शब्दानं आधीच सांगून टाकलं. हिंदीत 'सविनय अवज्ञा' चालतं, पण आपण १९३० साली 'सविनय कायदेभंग' म्हटलं ते उगाच नसावं.

मग 'कायदेभंग'च घ्यावा का? पण तो 'सिव्हिल डिसओबीडिअन्स'साठी आपल्याकडे कायमचा बसलेला शब्द आहे. आफ्रिकेतल्या लोकांनी तो इंग्रजी शब्द माहीत असूनही वेगळा निवडला. तो वेगळेपणा मुलांपर्यंत पोहोचायला हवा. सुचवा.

डेस्कवरून

ताई, हा आमचा रोजचा शब्द. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी येते. तिच्यात 'डिफाइड' असतं. मराठी करायला घेतली की मला आधी ठरवावं लागतं, करणारा बरोबर आहे की चूक.

'जमावबंदी झुगारून शेतकरी रस्त्यावर.' 'जमावबंदी धाब्यावर बसवून टोळक्याचा धुडगूस.' इंग्रजी मजकुरात दोन्हीकडे तोच शब्द असतो. आमच्याकडे शेतकरी आणि विद्यार्थी झुगारतात, बिल्डर नियम धाब्यावर बसवतात, अधिकारी वरच्या पत्राला केराची टोपली दाखवतात, आमदार पक्षादेश धुडकावतात, वाळूमाफिया तहसीलदारांना जुमानत नाहीत. क्रियापद वाचलं की वाचकाला कळतं, वर्तमानपत्र कुठे उभं आहे.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका मोर्चाच्या बातमीला मी 'बंदी झुगारून' असा मथळा दिला होता. रात्रपाळीचे प्रमुख आले, माझ्या खांद्यावरून वाकून 'झुगारून' खोडलं, 'मोडून' केलं आणि म्हणाले, "मोर्चा कशासाठी होता ते तू वाचलंस, वाचकानं अजून वाचलेलं नाही. त्याला आधी वाचू दे." अठरा वर्षं झाली, 'झुगारून' टंकताना ते वाक्य अजून आठवतं.

तुमच्या अडचणीचं मूळ हेच असावं. इंग्रजी शब्द कोणाच्याही तोंडी चालतो. मालकही 'डिफायन्स' म्हणतो, मजूरही म्हणतो. मराठीत मालकाचा शब्द वेगळा आणि मजुराचा वेगळा. मालक 'मुजोरी' म्हणेल, 'शिरजोरी' म्हणेल, 'माज आलाय' म्हणेल.

रानवाट

वरच्या प्रतिसादातल्या धाब्यावरून एक. हे धाबं म्हणजे हमरस्त्यावरचा ढाबा नव्हे. मातीचं सपाट छप्पर. खानदेशात अजून जुनी धाब्याची घरं उभी आहेत. नव्या पोरांना हा वाक्प्रचार ढाब्याशी जोडताना ऐकतो, म्हणून सांगितलं. मुख्य प्रश्नावर संध्याकाळी लिहितो, आता पाण्याची पाळी आहे.

मुळाक्षर

उंबरठाताई, शब्द पोटातून उघडून पाहू. मला यात फार रस आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

लॅटिनमध्ये 'फिदेस' म्हणजे विश्वास, इमान. 'फिदुस' म्हणजे इमानी. त्याच्या आधी 'दिस' लागला की इमान सोडणं, दिलेला शब्द परत घेणं. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, आणि आला तेव्हा त्याचा अर्थ 'आज्ञा न पाळणे' असा नव्हताच. मध्ययुगीन युरोपात सरदार गुडघे टेकून, आपले जोडलेले हात राजाच्या हातांत देऊन इमानाची शपथ घेई. राजानं आपली बाजू पाळली नाही तर सरदाराला ती शपथ परत घेता येई. पण शस्त्र उचलण्याआधी तसं उघड कळवावं लागे: आजपासून मी तुमचा माणूस नाही. या कळवण्याला 'डिफिदात्सिओ' म्हणत. कळवून उभा राहिला तर तो विरोधक, न कळवता वार केला तर गद्दार. मे १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाला असंच कळवलं, आणि जूनमध्ये रनीमीडच्या कुरणात राजाला मॅग्ना कार्टावर, म्हणजे त्याच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेवर, शिक्का उठवावा लागला.

म्हणजे डिफायन्सच्या मुळाशी उघडपणा आहे. आपल्याकडचा 'फितूर' हा याच्या बरोबर उलट्या टोकाचा माणूस. फितूर तोंडावर मुजरा करतो आणि रात्री दिंडी उघडतो.

या शब्दाची भावंडं तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. लग्न ठरलेली मुलगी 'माझा फियान्से' म्हणते तो याच कुळातला, कारण त्यानं शब्द दिला आहे. तहसील कचेरीत स्टँप पेपरवर करतो ते 'अ‍ॅफिडेव्हिट' त्याच कुळातलं. 'कॉन्फिडन्स'ही. आणि मला सगळ्यांत आवडणारं भावंड म्हणजे 'डिफिडंट', म्हणजे बुजरा, स्वतःवर भरवसा नसलेला. कुळ एक असून एकजण मान वर करून उभा आहे आणि दुसरा दारामागे.

फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी: आजच्या फ्रेंचमध्ये 'देफियांस' म्हणजे अविश्वास. आव्हानाला तिथे 'देफी' म्हणतात. इंग्रजीच्या भरवशावर राहू नका.

निवृत्त_सुभेदार

मुळाक्षर यांनी उघडपणाचं लिहिलं ते आमच्या कायद्यात शब्दशः आहे. सैन्य कायदा १९५०, कलम ४१. त्यात दोन वेगळे गुन्हे आहेत. पहिला: वरिष्ठानं स्वतः समोर दिलेली कायदेशीर आज्ञा अशा तऱ्हेनं मोडणं, की त्यातून 'विलफुल डिफायन्स ऑफ ऑथॉरिटी' दिसावा. शिक्षा १४ वर्षांपर्यंत. दुसरा: नुसती आज्ञा न पाळणं. प्रत्यक्ष मोहिमेवर नसेल तर त्याला कमाल ५ वर्षं.

रंगरुटांना मी हा फरक असा सांगत असे. हवालदार म्हणाला, खंदक खण. एक जवान "जी" म्हणाला आणि जाऊन झाडाखाली झोपला. दुसऱ्यानं हवालदाराच्या पायाशी फावडं टाकलं आणि म्हणाला, "नाही खणत." खंदक दोघांनीही खणला नाही. पण दुसऱ्याचं फावडं पडल्याचा आवाज सगळ्या तुकडीनं ऐकला. १४ वर्षं त्या आवाजाची आहेत.

पलटणीत बोलताना आम्ही पहिल्याला 'कामचुकार' म्हणत असू. दुसऱ्याला 'तोंडावर नाही म्हणाला' एवढंच म्हणत असू, आणि ते म्हणताना आवाज खाली येत असे.

पाचवा_मजला

'बंड' का नाही चालणार? सोपा, दोन अक्षरी, मुलांना माहीत असलेला शब्द.

डेस्कवरून

बंडात सत्ता उलथायचा विचार असतो, आणि हत्यारही डोळ्यांपुढे येतं. शिवाय तो शब्द बहुतेक वेळा सरकारनं दिलेला असतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रातल्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांवरून काम थांबवलं. त्यांनी स्वतःची जी समिती निवडली तिच्या नावात 'स्ट्राइक' होता, म्हणजे संप. 'म्यूटिनी' म्हणाले ते इंग्रज. आपण अजून 'नाविकांचं बंड' म्हणतो, म्हणजे नकळत इंग्रजांचा शब्द वापरतो. उंबरठाताईंच्या बाबतीत उलट आहे. 'डिफायन्स' हे नाव लढणाऱ्यांनी स्वतः घेतलेलं आहे. भाषांतरातही ते त्यांच्याच तोंडचं वाटलं पाहिजे.

जुनी_वही

सरळ 'सत्याग्रह' म्हणा. आफ्रिकेतच जन्मलेला शब्द आहे, गांधीजींचा. त्याहून योग्य कोणता?

उंबरठा

जुनी_वही, हा विचार मीही पहिल्याच दिवशी केला. शब्द तिथलाच आहे हे खरं. १९०६ च्या लढ्यात 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हणत, गांधीजींना तो दुबळ्यांचं हत्यार वाटणारा शब्द नको होता. त्यांनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकातून नवा शब्द मागवला. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला, त्याचा गांधीजींनी 'सत्याग्रह' केला.

पण पुढचं पाहा. १९४६ मध्ये डर्बनला भारतीयांनी जमीनखरेदीवर बंधनं घालणाऱ्या कायद्याविरुद्ध लढा दिला. गेल स्ट्रीट आणि उंबिलो रोडच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकले आणि तुरुंगात गेले. त्या लढ्याचं इंग्रजी नाव पुन्हा 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' होतं. १९५२ मध्ये कृष्णवर्णीय आणि भारतीय एकत्र आले आणि नाव बदललं. आफ्रिकन काँग्रेसमधल्या अनेकांना, मंडेलांनाही, अहिंसा हे व्रत वाटत नव्हतं. त्या परिस्थितीत निवडलेली ती वाट होती. त्यांच्या मोहिमेला मी सत्याग्रह म्हटलं तर त्यांनी स्वतः न घेतलेली शपथ मी त्यांच्या गळ्यात घालते. तसं करायला मन घेत नाही.

सुभेदारकाका, फावड्याचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. मुलांच्या लेखात वापरू का?

निवृत्त_सुभेदार

वापरा. परवानगी कसली.

कोलंबसची_आई

मी सहसा नुसती वाचते, पण हा शब्द माझ्या घरात येऊन गेला आहे, म्हणून लिहिते.

आम्ही ओहायोत राहतो. मुलगा सहा वर्षांचा असताना शाळेतून चिठ्ठी आली. तिच्यात 'डिफायंट' हा शब्द दोनदा होता. बाईंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी प्रसंग सांगितला. खेळ संपला, बाई म्हणाल्या ठोकळे आवर. बाकीच्यांनी आवरले. यानं हातातला ठोकळा धरून बाईंकडे पाहिलं, शांतपणे "नो" म्हणाला आणि तो ठोकळा पुन्हा चटईवर मधोमध ठेवला. रडणं नाही, ओरडणं नाही.

रात्री सांगलीला सासूबाईंना फोनवर सांगत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे उर्मट झालाय का गं?" म्हटलं, नाही आई, वाईट एक शब्द बोलत नाही. "मग हट्टी?" हट्ट काहीतरी हवं असलं की करतात, त्याला तर काहीच नको होतं. "खोडकर?" तेही नाही. मला शब्दच देता येईना. मागून माझा धाकटा दीर ओरडला, "वहिनी, बाईंना नडतोय म्हणा ना!" आणि सासूबाईंना क्षणात कळलं.

तेव्हापासून मला वाटतं, 'डिफाय'ला आजच्या मराठीत सगळ्यांत जवळचा शब्द 'नडणे' आहे. पोरं म्हणतात ना, सरांना नडला, सिस्टीमला नडला. त्यात समोर उभं राहणं आहे, समोरचा मोठा आहे हे माहीत असणं आहे, आणि नडणारा चांगला की वाईट हे शब्द सांगत नाही.

अजून एक. आमच्यापासून दोन-अडीच तासांवर 'डिफायन्स' नावाचं गावच आहे. ऑग्लेझ नदी मॉमी नदीला मिळते त्या संगमावर जनरल अँथनी वेननं १७९४ मध्ये किल्ला बांधला, त्याला 'फोर्ट डिफायन्स' नाव दिलं, त्यावरून गाव. मूळ रहिवाशांच्या भूमीत शिरून बांधलेला किल्ला, आणि डिफायन्सचं नाव त्याला. तिथे अर्थ आहे 'हिंमत असेल तर घेऊन दाखवा'.

मुळाक्षर

हा आव्हानाचा अर्थ जुनाच. त्याला मराठीत तालमीतला शब्द आहे: शड्डू ठोकणे. दंड थोपटणे. 'आय डिफाय यू टु...' असं कोणी म्हणालं की मराठीत 'करूनच दाखव' म्हणावं. तिथे अधिकाराचा संबंध उरत नाही, बरोबरीच्या गड्याशी सामना असतो.

निर्जीव गोष्टींबाबत येतो तो आणखी वेगळा. ताप औषधाला दाद देत नाही. घाटातला तो दगड पाऊसपाण्याला न जुमानता तसाच आहे. तर्कात बसत नाही. सांगायला शब्द अपुरे पडतात. इंग्रजीत या सगळ्याला तोच शब्द लागतो. भाषांतर करणाऱ्या काही मंडळींनी 'वर्णनाला आव्हान देणारं सौंदर्य' असं लिहिलेलं वाचलं आहे. कृपा करून असं लिहू नका, मराठीत सौंदर्य वर्णनाला आव्हान देत नाही.

शाळेबाहेर

कोलंबसची_आई, मी मुलांबरोबर काम करते, म्हणून थोडं. मानसोपचारात 'अपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर' असं निदान आहे, हे नाव १९८७ पासून चालत आलं आहे. पण ते चिठ्ठीतल्या एका शब्दावरून होत नाही. आठ लक्षणांपैकी किमान चार, किमान सहा महिने, आणि तीही भावंडांखेरीज आणखी कोणाशी तरी वागताना दिसावी लागतात. वय लक्षात घेतात, घर आणि शाळा दोन्हीकडे काय घडतं ते पाहतात. चटईवर ठेवलेला एक ठोकळा म्हणजे आजार नाही. कोणी पालक हा धागा वाचून घाबरू नये म्हणून लिहिलं.

कोलंबसची_आई

मनापासून आभार. बाईंनीही पुढे हेच सांगितलं, आणि आता तो छान आहे. त्या दिवशी त्यानं त्या ठोकळ्यांचा पूल पूर्ण करत आणला होता, एवढंच कारण होतं. ते आम्हाला आठवड्यानं कळलं.

पाचवा_मजला

'नडणे' मात्र छापील लेखात नको. 'गरज नडली', 'अडलेनडलेले' असा जुना अर्थ आहेच. शीर्षकात 'कायद्यांना नडणारी मोहीम' वाचून आजोबा वेगळंच समजतील.

चवदार_पाणी

उशिरा आलो. उंबरठाताईंच्या 'कायदेभंग की आणखी काही' या प्रश्नावर मला महाडबद्दल बोलायचं आहे, कारण माझं आजोळ तिथलं आणि ही गोष्ट ऐकतच मी मोठा झालो.

२० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यांनी कायदा मोडला का? नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ मध्येच केला होता. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद पाण्याच्या बाजूनं होता. आडवी होती ती रूढी, आणि पाणी पिऊन परतणाऱ्यांना ज्यांनी मारलं त्यांच्या हातातल्या काठ्या.

पुढचं अधिक बारकाईनं पाहा. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं. विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. हजारो माणसं जमलेली, बहुतेकांचा आग्रह होता की काही होवो, जायचंच. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि निकाल लागेपर्यंत थांबवलं. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे त्याच मंडपात, त्याच माणसांनी, शेकडो वर्षांची सत्ता झुगारली आणि दिवाणी कोर्टाचा हुकूम पाळला. पुढे १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

याला कायदेभंग म्हणता येत नाही. अवज्ञा म्हणायला जीभ वळत नाही. पण 'डिफायन्स' म्हटलं तर बसतं, कारण डिफायन्समध्ये समोर कायदाच असला पाहिजे असं नाही. जो कोणी 'माझं ऐकलंच पाहिजे' म्हणतो तो समोर असला की पुरे. मग तो राजा असो, हवालदार असो, नाहीतर गाव. आम्ही घरी या प्रसंगाला 'झुगारलं' हाच शब्द ऐकत आलो. माझी आजी एवढंच म्हणायची, "झुगारलं आणि पाणी प्यालं."

रानवाट

चवदार_पाणी, आजीचं वाक्य वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

झुगारणे हा आमच्या रानातलाही शब्द आहे. मुळात भिरकावणं, अंगावरचं फेकून देणं. खोंड औताला शिकवताना पाहिलंय का कोणी? सुरुवातीला मानेवर जू ठेवलं की खोंडं दोन तऱ्हेनं वागतात. एक जात बसकण मारते. चारी पाय मुडपून बसतं, शेपूट पिरगाळा, कासरा ओढा, उठत नाही. दुसरी जात मान खाली घालते, खांदा तिरका करते, एक हिसका, आणि जू बाजूला पडलेलं असतं. ते खोंड नंतर पळत नाही. पळालं तर बुजलं म्हणतात. हे तिथेच उभं राहतं, नाकपुड्या फुगवून, तुमच्याकडे बघत. माझे वडील अशा खोंडाला त्या दिवशी पुन्हा जुंपायचे नाहीत. पाठीवर हात फिरवून सोडून द्यायचे.

बसकण मारणं म्हणजे तुमचा तो पॅसिव्ह रेझिस्टन्स असेल. हिसका देऊन उभं राहणं ते झुगारणं. मला तरी तुमच्या १९५२ ला हाच शब्द योग्य वाटतो.

डेस्कवरून

रानवाट +१. आणि नावाच्या घडणीबद्दल: १९४२ ला इंग्रजीत 'क्विट इंडिया' होतं, आपण 'भारतत्याग मोहीम' असं न म्हणता 'चले जाव' म्हणालो. समोरच्याला उद्देशून थेट. इथेही नाम शोधत बसू नका. 'कायदे झुगारा'. फक्त इथे हाक आपल्याच माणसांना आहे.

उंबरठा

दोन दिवस धागा पुन्हा पुन्हा वाचला आणि मूळ मजकुराकडे परत गेले. मुळाक्षर यांनी सरदार आधी कळवत असं लिहिलं होतं ना, त्या नजरेनं १९५२ च्या तारखा पाहिल्या आणि चकित झाले.

जानेवारी १९५२ मध्ये आफ्रिकन काँग्रेसनं पंतप्रधान मलान यांना पत्र लिहिलं: हे अन्याय्य कायदे २९ फेब्रुवारीपर्यंत मागे घ्या, नाहीतर आम्ही ते मोडायला सुरुवात करू. नकार आला. ६ एप्रिलला, म्हणजे डच वसाहतीचा संस्थापक यान फान रीबेक १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपला, उतरला त्याला ३०० वर्षं झाल्याचा सोहळा गोरे साजरा करत होते त्याच दिवशी, सभा झाल्या. आणि मग २६ जूनला पहिली तुकडी निघाली. स्वयंसेवक कुठे आणि कधी कायदा मोडणार हे अधिकाऱ्यांना आधी कळवलं जाई. आठशे वर्षांपूर्वीच्या सरदारांनी जे केलं तेच, फक्त शस्त्राविना, आणि राजाला कधीही शपथ न दिलेल्या माणसांनी. त्यांना राज्यानं मतच दिलेलं नव्हतं, मग इमान मागे घ्यायचं तरी कोणतं? मला वाटतं, पत्र लिहून त्यांनी आधी स्वतःला बरोबरीच्या जागी उभं केलं. हे मुलांना सांगायचं आहे.

'अवज्ञा' गेली. 'सत्याग्रह' आणि 'कायदेभंग' लेखात आपापल्या जागी येतील. मोहिमेचं नाव 'कायदे झुगारा'. 'डिफायन्स कॅम्पेन' हे मूळ नाव एकदा देईन, म्हणजे मोठेपणी वाचलं तर ओळख पटेल. सरकारनं १९५३ मध्ये नवे कायदे करून निषेधासाठी कायदा मोडणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि फटक्यांची शिक्षा ठेवली, त्या परिच्छेदात मात्र सरकारच्या बाजूनं बोलताना 'आदेश धुडकावणाऱ्यांना' असं लिहिलं आहे. एकाच पानावर दोन क्रियापदं. डेस्कवरून यांच्या रात्रपाळीच्या प्रमुखांमुळे सुचलं.

एकच धास्ती उरली आहे. शीर्षक मोठ्या ठशात छापल्यावर घाईनं वाचणारं मूल 'झुगारा'चं 'जुगार' वाचेल का?

पाचवा_मजला

वाचेल. माझ्या मुलीला आत्ता दाखवलं, तिनं पहिल्यांदा जुगारच वाचलं. 'झुगारून द्या' केलंत तर?

उंबरठा

'कायदे झुगारून द्या'. हो, हे पुरतं मराठी आहे, आणि लांबीमुळे डोळा थांबतोही. संपादकांना कळवते. सुरुवातीचा परिच्छेद आता असा आहे, कान लावून बघा:

'पोर्ट एलिझाबेथजवळ न्यू ब्रायटन नावाचं स्टेशन आहे. त्याला दोन दारं होती. एका दारावर लिहिलं होतं, फक्त युरोपियनांसाठी. २६ जून १९५२ ला सकाळी रेमंड म्ह्लाबा नावाचा माणूस आपल्या सोबत्यांना घेऊन त्या दाराशी आला. आपण येणार हे त्यांनी लपवलेलं नव्हतं. पोलीस वाट पाहत होते. दुसरं दार उघडंच होतं. ते पहिल्या दारातून आत गेले.'

चवदार_पाणी

एक शब्दही हलवू नका.

रानवाट

ताई, अंक निघाला की कुठे मिळेल तेवढं इथे टाका. आमच्या गावच्या शाळेत दहावीपर्यंत वर्ग आहेत, हेडमास्तर ओळखीचे आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटताना वाचून दाखवीन. खोंडाचं मीच सांगेन.